अळीचे लेंडीखत

मराठीला जनावरांच्या विष्ठेचे वावडे नाही. गाई-म्हशींचे ते शेण, घोड्या-गाढवांची ती लीद, शेळ्या-मेंढ्यांची ती लेंडी, पाखरांची ती शिट. शेणातसुद्धा पडलेला पो वेगळा आणि थापून वाळवलेली गोवरी वेगळी. शेतीवर जगणाऱ्यांच्या भाषेत हे असायचेच, कारण यातल्या प्रत्येकाचा खत म्हणून गुण निराळा, घालायची वेळ निराळी. कीटकांपाशी आल्यावर मात्र भाषेने दोनच शब्दांत भागवले आहे. आंब्याच्या खोडाला भिरूड लागले की बुंध्याशी साचतो तो भुसा, आणि पाने खाणाऱ्या अळीच्या मागे राहते ती शेळीकडूनच उसनी घेतलेली लेंडी.

इंग्रजीत या दोन्हींना मिळून एक शब्द आहे, फ्रास. तो मूळचा जर्मन. जर्मन माणूस स्वतःच्या खाण्याला एक क्रियापद वापरतो आणि जनावराच्या खाण्याला दुसरे, 'फ्रेस्सेन'. त्यावरून झालेले नाम फ्रास, म्हणजे जनावराचे खाणे, कुरतडणे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रज कीटकशास्त्रज्ञांनी हा शब्द उचलला आणि खाण्याचे नाव विष्ठेला चिकटवले. मला मराठीची वाटणी अधिक नेमकी वाटते. भुसा हा बराचसा नुसता चावून टाकलेला लाकडाचा चुरा असतो. लेंडी पोटातून गेलेली असते. खताच्या दृष्टीने दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक फ्रास या शब्दात पुसला जातो.

तो शब्द आता आपल्याकडेही पोहोचला आहे. गेल्या काही वर्षांत गच्चीवरच्या बागांसाठी कीटकांच्या विष्ठेचे खत पाकिटांतून विकायला येऊ लागले. पाकिटावर दावे मोठे असतात: फुले दुप्पट, रोग निम्मे, शेणखताच्या कितीतरी पट ताकद. मी कृषी विद्यापीठात शिकलेली नाही. जे काही शिकले ते पुस्तके, शोधनिबंध आणि मराठवाड्यातली रेशीमशेडे यांतून. पण या वाचनातून आणि हिंडण्यातून एवढे नक्की कळले आहे की 'कीटकांचे खत चांगले का?' हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या कीटकाचे, त्याने काय खाल्ले होते, आणि ते कुठल्या झाडाला घालायचे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. तिसरा प्रश्न सगळ्यांत दुर्लक्षित आहे आणि आपल्याकडच्या रेशीम शेतकऱ्यासाठी सगळ्यांत महागाचा.

आधी वस्तू पाहू. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीत हिरवी गुबगुबीत अळी दिसली, तर तिच्याखालच्या पानावर काळपट दाणे सापडतील. एक दाणा भिंगाखाली धरावा. तो गोल नसतो. त्याला उभ्या सहा खाचा असतात. आडवा कापला तर सहा पाकळ्यांचे फूल दिसावे तसा. अळीच्या आतड्याच्या शेवटच्या भागातले स्नायू त्याला हा आकार देतात आणि जाता जाता त्यातले पाणी पिळून परत घेतात. म्हणूनच हे दाणे इतके सुटसुटीत, कोरडे आणि हाताला न चिकटणारे असतात. ज्यांना शेणाचा हात नको वाटतो त्यांनाही हे खत हाताळताना किळस येत नाही, हा त्याचा एक बारीकसा पण खरा गुण.

दुसरी गोष्ट आतली. अळी लघवी वेगळी करत नाही. शरीरातले टाकाऊ नत्र गोळा करणाऱ्या बारीक नळ्या थेट आतड्यात उघडतात, त्यामुळे दाण्यात मल आणि मूत्र दोन्ही एकत्र असतात, बरेचसे युरिक आम्लाच्या रूपात. या नळ्यांना मल्पिघी नलिका म्हणतात. मार्चेल्लो मल्पिघी या बोलोन्याच्या वैद्याने त्या ज्या किड्यात प्रथम पाहिल्या तो रेशीमकिडाच होता. त्याचा 'दे बॉम्बिसे' हा प्रबंध १६६९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. कीटकाच्या अंतरंगाचा इतका बारकाईने केलेला अभ्यास त्याआधी कुणी छापला नव्हता. तेव्हा लेंडीखताचा आधुनिक इतिहास लिहायचाच झाला तर तो रेशीमकिड्यापासून सुरू करावा लागेल, आणि पुढे हा लेखही त्याच्याच मागे जाणार आहे.

हा किडा काय खातो आणि किती टाकतो याचा हिशेब सोपा आहे. रेशीम शेतकरी बॅच मोजतो ती अंडीपुंजांत. एका मादीने घातलेली अंडी म्हणजे एक पुंज. त्यात चार-पाचशे अंडी. शंभर अंडीपुंजांची बॅच म्हणजे चाळीस ते पन्नास हजार अळ्या. पंचवीसेक दिवसांत अळीचे वजन सुमारे दहा हजार पटींनी वाढते, आणि तेवढ्यासाठी बॅचला टनभर तुतीचा पाला लागतो. त्यातला ८० टक्क्यांहून अधिक शेवटच्या, पाचव्या अवस्थेच्या सात-आठ दिवसांत संपतो. या टनभर पाल्यातले ७० ते ७५ टक्के पाणीच; कोरडे द्रव्य अडीचशे ते तीनशे किलो. अळीच्या अंगी लागते त्यातले साधारण ४० टक्के. म्हणजे एका बॅचमागे दीडशे किलोच्या आसपास कोरडी लेंडी, शिवाय उष्टा पाला आणि काड्या. कोष निघतात साठ-सत्तर किलो. रेशीमशेड हा कोषांपेक्षा खताचाच कारखाना अधिक आहे, असे कुणी म्हटले तर वजनाच्या हिशेबाने ते खोटे नाही.

कोरड्या लेंडीत नत्र दोन ते तीन टक्के असते. शेतीच्या पुस्तकांत शेणखताचे नत्र अर्धा टक्का दिलेले असते. या दोन आकड्यांवरून पाकिटावरचे 'पाचपट' तयार होते. पण शेणखताचा आकडा ओल्या, मातीमिश्रित ढिगाचा आहे आणि लेंडीचा पूर्ण वाळलेल्या मालाचा. शेण तसेच वाळवून मोजले तर दीड-दोन टक्क्यांवर जाते. म्हणजे फरक आहे, पण तो बराचसा पाण्याचा आहे. लेंडी सरस ठरते ती वेगळ्या कारणाने. तिच्यातले पान आधीच बारीक कुरतडलेले असते, त्यामुळे जंतूंना काम करायला पृष्ठभाग भरपूर मिळतो, आणि युरिक आम्ल लवकर फुटून अमोनिया होते. शेणखत सावकाश हाताशी येते, लेंडी पटकन. पटकन हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे तो नडतोही.

निसर्गात हे खत कुणी पाकिटात भरत नाही. जून-जुलैत मेळघाटच्या सागवनात उभे राहावे. पाऊस थांबलेला असतो, तरी वाळक्या पानांवर टपटप चालूच असते. वर पाहिले की पाने चाळणीसारखी झालेली दिसतात. सागाची पाने खाणाऱ्या दोन अळ्या आहेत, एक पूर्ण पान फस्त करते, दुसरी शिरा ठेवून जाळी करते. दोघींच्या लेंड्यांचा हा सडा. हे झाडालाच परत मिळणारे खत आहे, म्हणजे अळी झाडाचे भलेच करते, असे गोड विधान करायचा मोह इथे होतो. मोजणारे लोक असल्यामुळे ते करता येत नाही. केरळ वनसंशोधन संस्थेने निलंबूरच्या कोवळ्या सागवनात मोजले तेव्हा पाने फस्त करणाऱ्या अळीमुळे लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी घटलेली आढळली. हा अभ्यास १९८५ सालचा. जमिनीला परत मिळाले ते झाडाच्या ताटातूनच काढलेले होते.

ते परत नेमके कुठे जाते, याचा शोध अमेरिकेत ओक वृक्षांवर घेतला गेला. क्रिस्टोफर फ्रॉस्ट आणि मार्क हंटर या दोघांनी नत्राचे जड समस्थानिक असलेली पाने अळ्यांना खायला घातली, म्हणजे त्यांच्या लेंडीवर जणू खूण करून ठेवली, आणि ती लेंडी रोपांच्या मुळाशी टाकली. २००७ साली त्यांनी निष्कर्ष छापले. खुणेचे नत्र त्याच हंगामात पानांत चढले होते, आणि ती पाने खाणाऱ्या उशिराच्या अळ्यांच्या अंगातही सापडले. पण मोठा वाटा मातीतच राहिला आणि काही पाण्याबरोबर वाहून गेला. वाहून जाण्याची ही बाब किरकोळ नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या कोवीटा या जंगल-प्रयोगशाळेत सत्तरीच्या दशकात अळ्यांची मोठी धाड आली, तेव्हा डोंगरावरून येणाऱ्या ओढ्यांतले नायट्रेट वाढलेले मोजले गेले. जंगलभर अळ्या चरत होत्या आणि त्याचा हिशेब ओढ्याच्या पाण्यात उमटत होता.

कुंडीलाही हेच लागू आहे. एकदम ओंजळभर लेंडी टाकून बदाबदा पाणी घातले तर कुंडीखालच्या ताटलीत जे तांबूस पाणी उतरते, तेच आपले खत.

पाकिटांवर नत्राच्या बरोबरीने आणखी एका गोष्टीची जाहिरात असते, कायटिनची. कीटकांची कात कायटिनची बनलेली असते, आणि तिचे तुकडे खतात मिसळलेले असतात. बुरशीच्या भिंतीतही कायटिनच असते. झाडाच्या पेशींवर कायटिन ओळखणारे पहारेकरी असतात. ते दिसले की झाड बुरशी आली असे समजून बचावाला उभे राहते. इथपर्यंत सगळे खरे. यावरून 'प्रतिकारशक्ती वाढवणारे खत' अशी पाटी लागते. मला ही पाटी अर्धवट वाटते, आणि त्याचे कारण आपल्या मक्याच्या शेतात आहे.

अमेरिकी लष्करी अळी २०१८ साली भारतात आली, आधी कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. तिची ओळख पटवायची शेतकऱ्याची खूण म्हणजे मक्याच्या पोंग्यात साचलेला ओल्या भुशासारखा लगदा. ती तिची लेंडीच. अळी पोंग्यात बसून खाते आणि तिथेच हगते, त्यामुळे जखमी पान आणि लेंडी सतत एकमेकांना लागून असतात. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ आणि २०१६ साली यावर दोन निबंध छापले. त्यांना आढळले ते असे: लेंडीत मक्याचीच, अळीच्या पोटातून न पचता बाहेर आलेली, कायटिन तोडणारी विकरे असतात. ती जखमेला लागली की मका बुरशीविरुद्धची फळी उभारतो, आणि त्या भरात अळीविरुद्धची फळी ढिली पडते. झाडाला दोन आघाड्यांवर एकदम पूर्ण जोराने लढता येत नाही. अळीची लेंडी झाडाला भलत्याच शत्रूची वर्दी देते आणि अळी निवांत चरते.

म्हणून लेंडीमुळे झाड 'जागे होते' हे खरे असले, तरी ते कुणाविरुद्ध जागे होते हे विचारायला हवे. मुळाशी घातलेले, कुजवलेले खत आणि पोंग्यातली ताजी लेंडी यांत अर्थातच फरक आहे. पण एका पाकिटावर सगळ्या रोग-किडींची नावे छापणाऱ्याला हा फरक ठाऊक असेल असे वाटत नाही.

लेंडी अळीचीही चुगली करते. काही फुलपाखरांच्या अळ्या पान दुमडून घर करतात आणि लेंडी घराबाहेर जोरात भिरकावतात. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या मार्था वाइस यांनी अशा एका अळीवर काम करून २००३ साली दाखवले की ती आपल्या लांबीच्या अडतीसपट दूर लेंडी फेकते. कारण स्वच्छतेचे नव्हते. लेंडीच्या वासावर गांधीलमाश्या येतात आणि अळीला उचलून नेतात. बागेत लेंडी पडू देणारे माळी नकळत गांधीलमाश्यांना आवतण देत असतात. माझ्या मते ते देऊ द्यावे.

आता रेशीमशेडाकडे. मी राहते त्या छत्रपती संभाजीनगरहून जालना तासाभराच्या अंतरावर. जालना आणि बीड जिल्ह्यांत तुतीची लागवड गेल्या काही वर्षांत चांगली वाढली. २०१८ साली जालन्यात कोषांचा बाजार सुरू झाला. तोवर इथला शेतकरी कोषांची पोती घेऊन कर्नाटकात रामनगरला जायचा. शेडे बहुतेक एकाच धर्तीची: बाजूला हिरवी जाळी, आत लोखंडी पाइपांचे मजले, त्यावर तुतीच्या फांद्याच्या फांद्या अंथरलेल्या आणि त्यांवर अळ्या. फांदी पद्धतीत खालचा थर रोज काढत नाहीत. शेवटी कोष निघाले की काड्या, उष्टा पाला आणि लेंडी यांची एक जाड गादीच उचलावी लागते. ती कुठे जाते, हे पाहायला मी गेले होते. बऱ्याच ठिकाणी ती शेडाच्या मागे, दहा-पंधरा पावलांवर पडलेली दिसली.

अंबड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला मी विचारले की एवढे चांगले खत तुतीलाच का घालत नाही. तो म्हणाला, "तसं कच्चं घालायचं नसतंय ताई. आमच्या शेजाऱ्यानं घातलं, तर पुढची बॅच पिवळी पडून गेली सगळी. आता हे खत वाईट का बॅच वाईट, ते काय आपल्याला कळतंय? पण आपण नाही घालत."

त्याची शंका शास्त्राला धरून आहे. पिवळी पडून, फुगून, अंगातून दुधासारखा पातळ रस गळत मरणाऱ्या अळ्या म्हणजे ग्रासरी. हा विषाणूचा रोग. विषाणूचे कण प्रथिनाच्या स्फटिकासारख्या कवचात बंद असतात आणि मातीत फार काळ टिकून राहतात. रोगी अळीची लेंडी, तिचा रस लागलेला पाला, मेलेली अळी, हे सगळे त्या गादीत असते. ती गादी कच्ची तुतीखाली पसरली की धूळ आणि पावसाचे शिंतोडे खालच्या पानांवर जातात, तीच पाने कापून शेडात येतात आणि फेरा पूर्ण होतो. उझी माशीचे किडे रेशीमकिड्याच्या अंगातून बाहेर पडून कोषावस्थेत जातात तेही याच कचऱ्यात किंवा मातीत. तुतीला सगळ्यांत मानवणारे खत तुती खाणाऱ्याला सगळ्यांत घातक असते. शेतकऱ्याची अडचण ही आहे.

ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरच रोगजंतुशास्त्राचा पाया घातला गेला. इटलीत आगोस्तीनो बास्सी याने १८३५ साली दाखवले की रेशीमकिडे चुन्यासारखे पांढरे होऊन मरतात ते एका बुरशीमुळे. सूक्ष्मजीवाने प्राण्याला रोग होतो याचा हा पहिला पुरावा मानतात. त्या बुरशीला पुढे त्याचेच नाव मिळाले. बिव्हेरिया बॅसियाना हे नाव आज मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला चांगले माहीत आहे, कारण जैविक कीटकनाशक म्हणून तीच बुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते. शेजारच्या कापसावर ती फवारली की रेशीमवाल्याच्या पोटात गोळा येतो तो उगाच नाही.

तीस वर्षांनी फ्रान्समध्ये पेब्रिन नावाच्या रोगाने रेशीमधंदा बसला, तेव्हा लुई पाश्चरला दक्षिणेत आलेस या गावी पाठवण्यात आले. साल १८६५. त्याने तोवर रेशीमकिडा हातात धरलेला नव्हता. वाटेत आव्हिन्यो येथे तो कीटक-निरीक्षक फाब्र याला भेटला आणि कोष कसा असतो ते दाखवा म्हणाला. कोष कानाशी नेऊन हलवला आणि आत काहीतरी आहे म्हणून चकित झाला. ही हकिगत फाब्रनेच नंतर लिहून ठेवली आहे. त्या पाश्चरने पुढच्या पाच वर्षांत दोन गोष्टी सिद्ध केल्या. पेब्रिनचे कण आईकडून अंड्यात जातात, आणि ते विष्ठेने बरबटलेल्या पानांतून एका अळीकडून दुसरीकडे जातात. पहिल्यावर त्याने उपाय काढला: प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवायची, अंडी घालून झाल्यावर मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, कण दिसले तर ती अंडी फेकायची. जालन्याचा शेतकरी आज 'रोगमुक्त अंडीपुंज' म्हणून जे विकत घेतो ते याच पद्धतीने तपासलेले असतात. दुसऱ्या गोष्टीवर असा एकच सुटसुटीत उपाय नाही. तिथे रोजची झाडलोट, चुना आणि निर्जंतुक भुकटी यांवरच भिस्त.

चीनमध्ये लेंडी तुतीला परत पोचवण्याचा लांबचा रस्ता लोकांनी शोधला. मोत्यांच्या नदीच्या त्रिभुज प्रदेशात आणि चच्यांग प्रांतातल्या हुचौ भागात तुतीचे बांध आणि त्यांच्या मधोमध मासळीची तळी अशी रचना शतकानुशतके आहे. रेशीमकिड्यांची लेंडी तळ्यात जाते, मासे आणि पाण्यातले जीव ती खातात, तळाशी साचलेला गाळ वर्षातून उपसून बांधावर तुतीच्या मुळाशी घालतात. हुचौची ही रचना राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी-वारशाच्या यादीत घातली आहे. लेंडीला तिकडे 'रेशीमकिड्याची वाळू' असे नाव आहे. ती वाळवून उशांत भरतात, औषधात वापरतात, आणि आता कारखान्यांत तिच्यातून हरितद्रव्य काढून खाण्याचा हिरवा रंग करतात. दुष्काळी अंबड तालुक्यात मासळीचे तळे खोदा असा सल्ला देण्यात अर्थ नाही. पण विष्ठा थेट परत न देता मधल्या कुणाकडून तरी जाऊ द्यायची, ही त्यातली युक्ती आपल्यालाही घेता येते. आपल्याकडे तो मधला म्हणजे उष्णता आणि काळ. शेडापासून दूर खड्डा, त्यात गादीचे तुकडे करून थरावर थर, मधे शेणकाला, वरून मातीचा लेप, ओल कायम, आणि तीन-चार महिने हात लावायचा नाही. आतली धग रोगाचे बरेच काम तमाम करते.

दुसरा मार्ग अधिक सरळ आहे आणि तो आपल्या गच्च्यांपर्यंत येतो. ग्रासरी जास्वंदीला होत नाही. पेब्रिन गुलाबाला लागत नाही. रेशीमकिड्याचे विषाणू आणि बीजाणू शहरातल्या कुंडीत निरुपद्रवी आहेत, कारण तिथे रेशीमकिडाच नाही. उलट त्या लेंडीची एक हमी दुसऱ्या कुठल्या खताला देता येत नाही: रेशीमकिडा कीटकनाशकाला इतका हळवा असतो की पाल्यावर थोडाही अंश असला तर बॅच उरत नाही. जी बॅच कोषापर्यंत पोचली तिचा पाला कीटकनाशकापुरता तरी स्वच्छ होता. (तणनाशकाची हमी किडा देत नाही, ते शेतकऱ्यालाच विचारावे.) तेव्हा जे खत पिकवणाऱ्याला आपल्या शेतात घालायची भीती वाटते, ते शंभर-दोनशे मैलांवरच्या कुंड्यांना चालते, आणि ते शेडामागून हलले तर शेतकऱ्याच्या पुढच्या बॅचचा धोका कमी होतो. आडवे येते ते वाहतुकीचे गणित. काड्या वेगळ्या करून, चाळून, वाळवून लेंडी पोत्यात भरली तर वजन उतरते, पण चाळायला मजूर लागतो आणि कोष काढणीच्या त्याच आठवड्यात मजूर मिळत नाही. रेशीम गटांनी यात लक्ष घालावे असे मला वाटते. परदेशी माशीच्या लेंडीची पाकिटे आपण विकत घेतो आणि आपल्याच किड्याची शेडामागे सडते, यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

ती परदेशी माशी म्हणजे काळी सैनिक माशी. मूळची अमेरिका खंडातली, आता जगभर पसरलेली. घरच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात मळकट, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या पाहून ज्यांनी डबा बंद केला त्यांची तिच्याशी ओळख झालेलीच आहे. तिचे खत वाईट नाही. फक्त तिने काय खाल्ले त्यावर सगळे अवलंबून. भाजीचे देठ खाल्लेल्या अळीची लेंडी आणि हॉटेलातले खारट, तेलकट खरकटे खाल्लेल्या अळीची लेंडी एकाच नावाने विकली जाते. युरोपीय संघाने २०२१ साली फ्रासची कायदेशीर व्याख्या केली, त्यात मेलेले किडे किती टक्के चालतील तेही ठरवले, आणि विकण्याआधी ते ७० अंश सेल्सिअसवर तासभर तापवण्याचा दंडक घातला. पाकीट घेताना अळीला काय घातले होते आणि माल तापवला होता का, एवढे दोन प्रश्न विक्रेत्याला विचारायला हरकत नाही.

वापराबद्दल थोडे. रेशीमशेडाच्या लेंडीत चुना मिसळलेला असतो. तो नत्राला अमोनियाच्या रूपाने हवेत पळवतो, म्हणून ओल्या ढिगाला डोळे चुरचुरवणारा वास येत असेल तर खत आपल्या डोळ्यांदेखत उडून चालले आहे असे समजावे. माती किंवा वाळका पाला मिसळून झाकावे. चुन्यामुळेच ही लेंडी अझेलिया, गार्डेनिया अशा आंबट माती मागणाऱ्या झाडांना देऊ नये. कुंडीच्या मातीत आकारमानाने वीसात एक भाग पुरे. दहात एकच्या वर गेले की कोवळी मुळे जळायला लागतात, कारण मघाचे ते 'पटकन'. लावलेल्या झाडाला बारा इंची कुंडीमागे महिन्याला एक मूठ, मातीत हलकेच मिसळून, बेताचे पाणी.

खत मुरले की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. एक भाग लेंडी दहा भाग पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी. दोन बशांत ओला कागद, एकीत हे पाणी, दुसरीत साधे. दोन्हींत मेथीचे वीस-वीस दाणे. तीन दिवसांनी लेंडीच्या बशीतली मुळे आखूड, टोकाशी तपकिरी असतील तर पोते पुन्हा बांधून ठेवावे. माझ्याकडे आत्ता जी दोन पोती आहेत ती मार्चमधल्या बॅचची. जूनमधल्या मेथीने त्यांना नापास केले होते, सप्टेंबरमधल्या मेथीने पास केले. पाऊस सरल्यावर गुलाबांची छाटणी होते, त्यांना ते जाईल, उरलेले शेवंतीला.